पूर्ण भूल दिली होती ना, मग गुंगीचं इंजेक्शन वेगळं कशाला?

मागच्या महिन्यात आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तालुक्याच्या गावी, खासगी दवाखान्यात. सगळं व्यवस्थित पार पडलं, तिसऱ्या दिवशी ती घरी आली. बिलाचे कागद लावताना आतेभाऊ एका ओळीवर अडला.

"दादा, हे बघ. भूलतज्ज्ञांची फी वेगळी, भुलीची औषधं वेगळी, आणि वर हे मिडाझोलाम. मेडिकलवाला म्हणतो हे गुंगीचं इंजेक्शन. पूर्ण भूल दिली होती ना? मग परत गुंगी कशाला?"

रक्कम काही फार नव्हती, त्यामुळे भांडण पैशाचं नव्हतंच. पण मला उत्तर देता येईना. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मला ओटीत नेलं ते आठवतं. एका मॅडमनी नाव विचारलं, सुई टोचली. त्यानंतर एकदम वॉर्डातला पंखाच दिसला." गंमत म्हणजे सुई टोचल्यावरही आत्या चार-पाच मिनिटं बोलत होती, नातवाच्या शाळेचं काहीतरी सांगत होती, असं तिथल्या सिस्टरनी नंतर सांगितलं. आत्याला त्यातलं अक्षर आठवत नाही.

ओळखीच्या एका भूलतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी दहा मिनिटांत समजावलं, आणि मग मी वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की या एका छोट्या इंजेक्शनमागे पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे. ती आपल्या सगळ्यांच्या कामाची आहे, कारण घरात कुणाचं ना कुणाचं ऑपरेशन होतंच. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

सुरुवात बोस्टनपासून करू. १६ ऑक्टोबर १८४६. तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथर हुंगवलं आणि डॉ. वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. रुग्ण ओरडला नाही. त्याआधी ऑपरेशन म्हणजे चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी धरून ठेवायचं आणि डॉक्टरने होईल तितक्या घाईने कापायचं. बातमी जगभर पसरायला वेळ लागला नाही. १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्यातही ईथर देऊन ऑपरेशन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. वास गोड, काम झटपट. लोक म्हणाले, झालं, प्रश्न मिटला.

तीन महिनेसुद्धा गेले नाहीत. २८ जानेवारी १८४८. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढायला आली. नखच फक्त! पोरगी घाबरून रडत होती. खुर्चीवर बसवून रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून हुंगवलं, आणि काही मिनिटांत ती गेली. क्लोरोफॉर्मचा हा पहिला नोंदलेला मृत्यू.

हे असं का झालं, यावर डॉक्टर मंडळी पुढची साठ वर्षं भांडत होती. या भांडणाचा एक मोठा अंक आपल्या शेजारीच घडला. हैदराबादला. म्हणजे आपला मराठवाडा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्याच्या राजधानीत. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की क्लोरोफॉर्मने हृदय बंद पडत नाही, आधी श्वास थांबतो. श्वासाकडे लक्ष ठेवा, माणूस मरणार नाही. निजामाने पैसे दिले, १८८८ आणि १८८९ अशी दोन वेळा 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसली, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. लंडनच्या 'लॅन्सेट'ने दुसऱ्या कमिशनसाठी लॉडर ब्रंटन यांना मुद्दाम पाठवलं. निकाल लॉरींच्या बाजूने लागला. (याच लॉरींच्या हाताखाली रूपाबाई फर्दूनजी शिकल्या. जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात. हैदराबादेत त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. आपल्याकडे हे नाव किती जणांना माहीत आहे?)

पण लॉरींचं अर्धंच बरोबर होतं. १९११ मध्ये लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की क्लोरोफॉर्म हलकं असताना शरीरात ॲड्रिनलीन वाढलं तर हृदयाचे ठोके एकदम सैरभैर होतात आणि हृदय थांबतं. आता ॲड्रिनलीन कधी वाढतं? माणूस घाबरला की. म्हणजे बघा, रडणाऱ्या हॅनाच्या बाबतीत नेमकं काय झालं असेल याचा एक धागा इथे सापडतो. भीती ही फक्त मनाची गोष्ट नाही. ऑपरेशनच्या टेबलावर ती रक्तात उतरते.

भीती आधी उतरवली तर भूल कमी लागते, हे डॉक्टरांच्या त्याआधीच ध्यानात आलं होतं. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८६० च्या दशकात पाहिलं की आधी मॉर्फिन टोचलं तर नंतर क्लोरोफॉर्म थोडंच पुरतं. इंजेक्शनची सुई तेव्हा नवीनच आली होती. हळूहळू प्रथाच पडली. ऑपरेशनच्या तासभर आधी वॉर्डातच एक इंजेक्शन: गुंगीसाठी मॉर्फिन, आणि तोंडातली लाळ सुकावी म्हणून ॲट्रोपिन. आतेभावाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. दुसरं औषध द्यायचं ते पहिलं, जास्त धोक्याचं औषध कमी लागावं म्हणून. दोनदा भूल दिली, असा त्याचा अर्थ नाही.

मध्येच एक आपल्या पुण्याची गोष्ट सांगतो, कारण ती इथेच बसते. जानेवारी १९२४. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, अपेंडिक्स सुजलं. त्यांना ससून हॉस्पिटलमध्ये आणलं. मुंबईहून त्यांच्या भरवशाचे डॉक्टर येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. ऑपरेशन करणार कर्नल मॅडॉक, म्हणजे इंग्रज सरकारचा सर्जन, आणि टेबलावर सरकारचा सर्वांत मोठा कैदी. काही बरंवाईट झालं असतं तर देश पेटला असता. म्हणून १२ जानेवारीच्या रात्री ऑपरेशनच्या आधी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं, संमतीचा मजकूर तयार झाला, गांधीजींनी तो पाहिला आणि थरथरत्या हाताने पेन्सिलने सही केली. मग क्लोरोफॉर्म. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. गांधीजी बरे झाले.

मला यात कंदिलापेक्षा ती सहीच्या आधीची वेळ महत्त्वाची वाटते. रुग्णाशी कुणीतरी बोललं, काय होणार ते सांगितलं, त्याचा होकार घेतला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दरम्यान युरोपात याच गुंगीचा एक वेगळाच प्रयोग चालू होता. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये क्रोनिग आणि गाउस हे दोन डॉक्टर बाळंतिणींना मॉर्फिनबरोबर स्कोपोलामिन देत होते. स्कोपोलामिन आपल्याला अगदी परकं नाही, आपल्या धोतऱ्यात ते असतं. वाटसरूंना धोतरा घालून लुटणाऱ्या ठगांच्या गोष्टी ऐकल्या असतील, तेच. १९०६ च्या सुमारास या पद्धतीचा गाजावाजा झाला, 'संधिप्रकाशातली झोप' असं छान नाव मिळालं. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी तर ही पद्धत आम्हालाही मिळालीच पाहिजे म्हणून संघटना काढली. बाळंतीण उठायची ती म्हणायची, मला काहीच कळलं नाही.

प्रत्यक्षात काय व्हायचं? कळा यायच्याच. बाई ओरडायची, तडफडायची, इजा होऊ नये म्हणून गाद्या लावलेल्या पलंगावर ठेवावं लागायचं. फक्त तिला नंतर ते आठवायचं नाही. बाळालाही औषध पोचायचं, त्याचा श्वास मंद व्हायचा. शेवटी ही पद्धत मागे पडली. पण तिने एक मोठा धडा दिला. दुखलं नाही आणि दुखलेलं आठवत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपली मराठी इथे जरा फसवते. आपण सगळ्यालाच 'भूल' म्हणतो. भूल पडणं म्हणजे विसरणं, चुकणं, मोहात पडणं सुद्धा. पण ऑपरेशनच्या भुलीत निदान पाच वेगळी कामं असतात: झोप लावणं, वेदना थांबवणं, स्नायू सैल करणं, आठवण न राहू देणं आणि भीती घालवणं. क्लोरोफॉर्मच्या काळात ही पाचही कामं एकाच गड्याच्या अंगावर टाकलेली होती. त्याला ती झेपवायला डोस इतका वाढवावा लागायचा की गडी मालकालाच घेऊन जायचा.

१९२६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जॉन लंडी यांनी ही कामं वाटून देण्याचा विचार स्पष्ट मांडला. थोडं हे, थोडं ते, प्रत्येकाचा डोस कमी. 'संतुलित भूल' म्हणू आपण. १९३४ मध्ये थायोपेंटल आलं. शिरेतून दिलं की काही सेकंदांत झोप, त्यामुळे तोंडावर मास्क दाबून गुदमरल्यासारखं होण्याचा प्रकार संपला. १९४२ च्या जानेवारीत माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे वापरलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावायचे तेच विष. त्याने स्नायू सैल पडतात. सर्जनला पोट उघडून काम करणं सोपं झालं आणि खोल भुलीची गरज कमी झाली.

पण इथेच एक नवा खड्डा तयार झाला. क्युरारेने हालचाल थांबते, शुद्ध जात नाही. हे ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने जे केलं ते वाचून काटा येतो. त्याने स्वतःलाच पूर्ण जागेपणी क्युरारे टोचून घेतलं, सहकाऱ्यांना श्वास द्यायला लावला. नंतर सांगितलं की सगळं ऐकू येत होतं, कळत होतं, फक्त पापणीसुद्धा हलवता येत नव्हती. १९४७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. १९५० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑपरेशन चालू असताना जाग आलेल्या रुग्णाची हकीकत आली. हलता येत नाही, ओरडता येत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला माणूस शांत झोपलेला दिसतो.

म्हणजे डोस कमी करत करत सुरक्षितता वाढली, तसं हे नवं भय आलं. त्यावर निदान थोडा आधार असावा म्हणून आठवण पुसणाऱ्या औषधांकडे पुन्हा लक्ष गेलं, यावेळी जास्त शहाणपणाने.

ही औषधं आली रोश कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेतून. तिथे लिओ स्टर्नबाख हे युरोपातून नाझींच्या छळातून निसटलेले रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. १९६० मध्ये लिब्रियम बाजारात आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम. त्याच घराण्यातलं धाकटं भावंड म्हणजे मिडाझोलाम, १९७० च्या दशकात तयार झालेलं. डायझेपाम शिरेत आग करायचं आणि अंगातून जायला दिवस लावायचं. मिडाझोलाम पाण्यात विरघळतं, टोचताना झोंबत नाही, चटकन लागू होतं आणि काही तासांत उतरतं. आणि सर्वांत महत्त्वाचं: दिल्यानंतरच्या गोष्टी आठवणीत साठू देत नाही. आत्या बोलत होती आणि तिला आठवत नाही, त्याचं कारण हे. आधीच्या गोष्टी मात्र ते पुसत नाही. म्हणून ओटीत नेल्याचं आणि सुई टोचल्याचं तिला आठवतं.

आता वाटेल, मग एवढं चांगलं औषध आहे तर प्रश्न काय? प्रश्न आहे. अमेरिकेत १९८५ च्या शेवटी याला परवानगी मिळाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत डझनावारी मृत्यू नोंदले गेले. कुठे? बरेचसे मोठ्या ऑपरेशनमध्ये नाहीत. एंडोस्कोपीसारख्या छोट्या तपासण्यांमध्ये, जिथे भूलतज्ज्ञ नव्हता, तपासणी करणारा डॉक्टरच गुंगी देत होता आणि श्वासाकडे बघायला वेगळं माणूस नव्हतं. बरोबर अफूच्या जातीचं वेदनाशामक दिलं की श्वास मंदावण्याचा धोका आणखी वाढतो. त्यात बरेचसे रुग्ण वयस्कर. अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली, औषधावर ठळक इशारा आला, कमी तीव्रतेची बाटली आली, थोडं थोडं द्या, थांबा, बघा, मग पुढचं द्या, असे नियम आले.

म्हणजे हैदराबादच्या लॉरींचं ते अर्धं वाक्य शंभर वर्षांनी पुन्हा खरं ठरलं: श्वासाकडे लक्ष ठेवा. पूर्ण भुलीत तेच औषध दिलं तर डोक्याशी माणूस बसलेला असतो, नळी असते, ऑक्सिजन असतो. 'फक्त गुंगी' म्हणून दिलं तर कधी कधी हे काहीच नसतं. आपल्याला पूर्ण भुलीची भीती वाटते आणि 'थोडी गुंगी देऊ' म्हटलं की आपण निर्धास्त होतो. इतिहास मात्र सांगतो की निष्काळजीपणाला जागा त्या 'थोड्या गुंगीत'च जास्त सापडते.

आणि ऑपरेशनच्या मध्ये जाग येण्याचं काय? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, २०१४ मध्ये अहवाल आला. रुग्णांनी स्वतःहून सांगितलेल्या तक्रारी धरल्या तर साधारण १९,००० भुलींमागे एक. स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल तर ८,००० मागे एक, नसेल तर १,३६,००० मागे एक. पूर्ण भुलीतल्या सिझेरियनमध्ये मात्र ६७० मागे एक. (सिझेरियन बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन करतात, त्यात जागं असणं अपेक्षितच असतं, घाबरू नका.) म्हणजे फार दुर्मीळ, पण शून्य नाही. मिडाझोलाम दिलं म्हणजे हमी, असंही नाही. योग्य भूल आणि लक्ष देणारा माणूस हीच खरी खात्री.

आता ज्यासाठी ही सगळी पोस्ट लिहिली, त्या गोष्टीकडे येतो.

१९६३ मध्ये बोस्टनच्या त्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॉ. एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी एक साधा अभ्यास छापला. २१८ रुग्ण. काहींना ऑपरेशनआधी पेंटोबार्बिटल हे गुंगीचं इंजेक्शन दिलं. काहींना आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ जाऊन भेटला, उद्या काय काय होईल ते त्याने पाच-दहा मिनिटं सांगितलं. काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. निकाल काय? इंजेक्शनवाले पेंगुळले होते, पण शांत नव्हते. भेट झालेले रुग्ण पेंगुळले नव्हते, पण शांत होते.

पेंग येणं आणि निर्धास्त होणं वेगळं असतं. हे आपल्या आजीलाही माहीत होतं, पण मोजून दाखवलं ते या मंडळींनी.

२०१५ मध्ये फ्रान्समध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर असाच अभ्यास झाला. सरसकट सगळ्यांना आधी लोराझेपामची गोळी दिली तर रुग्ण जास्त समाधानी होतात का? झाले नाहीत. उलट भूल उतरायला आणि डोकं ताळ्यावर यायला जास्त वेळ लागला. म्हणून आता सरसकट गुंगी देण्याची सवय सुटत चालली आहे, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना हात राखून देतात, कारण ऑपरेशननंतर त्यांना भ्रम होऊ शकतो. ज्याला गरज आहे त्याला, गरज आहे तेवढीच.

आत्याकडे परत येतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती एक क्षण झोपली नाही. सर्जनशी तिची दोनदा भेट झाली होती. भूल देणाऱ्या मॅडमना मात्र तिने पहिल्यांदा पाहिलं ते टेबलावर, मास्कमागून. यात त्या मॅडमना दोष देत नाही. आपल्या तालुक्यांत भूलतज्ज्ञ थोडे, एकाच दिवसात चार दवाखाने फिरतात, एक केस संपवून दुसरीकडे पोचतात. आपणही कधी विचारत नाही. सर्जन कोण ते चार ठिकाणी चौकशी करून ठरवतो, भूल कोण देणार हे बिलावर वाचतो.

म्हणून पुढच्या वेळी एवढं करा:

१. ऑपरेशन ठरलं की सांगा, "भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलायचंय." प्रत्यक्ष नाही जमलं तर फोनवर. हे मागण्यात गैर काही नाही, उलट चांगल्या भूलतज्ज्ञाला बरंच वाटतं.

२. त्यांच्यापासून काही लपवू नका. दारू, तंबाखू, मिश्री, झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जोरात घोरणं, हलणारा दात, आधीच्या भुलीत झालेला त्रास. घरच्यांसमोर सांगायची लाज वाटत असेल तर त्यांना बाहेर पाठवा, पण सांगा.

३. उपाशी राहायला सांगितलं तर राहा. "चहा घेतला तर काय होतंय" म्हणू नका. आणि चुकून घेतला असेल तर कबूल करा.

४. "फक्त गुंगी देऊ" म्हटलं तर शांतपणे विचारा: तेवढा वेळ श्वासाकडे कोण बघणार?

५. खूप भीती वाटत असेल तर ती सांगा. त्यावर औषध आहे, आणि बोलणं हेही त्यातलं एक औषध आहे.

आतेभावाला मी शेवटी एवढंच सांगितलं, "ते इंजेक्शन पैसे लावायला दिलेलं नाही रे. आत्याची भीती उतरावी आणि बाकीची औषधं कमी लागावीत म्हणून दिलंय." तो म्हणाला, "मग आदल्या रात्री कुणी दोन शब्द बोललं असतं तर?"

त्याला मी काय सांगणार? गांधीजींना ते दोन शब्द मिळाले होते, कंदिलाच्या काळात. आपल्या आयाबहिणींनाही मिळायला हवेत. तुमच्या गावात कसं चालतं? भूलतज्ज्ञ आधी भेटतात का? कमेंटमध्ये लिहा. चांगला अनुभव असेल तर तोही लिहा, आणि ज्यांच्या घरी पुढच्या काही दिवसांत ऑपरेशन आहे त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा.